पार्श्वागत मुखे व त्यांखालील नावे

पेन्सिलीने रेखाटलेल्या मुखांचा सुटा कागद हाती पडला की संग्राहक प्रथम विचारतो, ‘हे कोण ?’ त्याआधी, हे कोणी विशिष्ट पुरुष आहेत काय, हे विचारावयास हवे. डच चित्रकार व्हान गॉग याने १८८४-८५ च्या हिवाळ्यात न्यूनेन गावी शेतकऱ्यांची पुष्कळ मुखे काढली. त्यांत एकचष्म मुखेही आहेत. समोर बसलेली माणसे खरी. परंतु त्यास हवा होता तो शेतकऱ्याचा नमुना, नाव नव्हे.

हा भेद न पाळल्यास काय होते, याचे उदाहरण खानदेशच्या उंबरठ्यावरच आहे. जळगावहून सुमारे साठ किलोमीटरवर असलेल्या अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात टोप्या घातलेले परदेशीय लोक एका राजापुढे नजराणे आणीत आहेत. फर्ग्युसनने १८७९ मध्ये राजास चालुक्य दुसरा पुलकेशी व त्या लोकांस इराणच्या दुसऱ्या खुस्रोचे वकील ठरविले. छतावरील मद्यपी पुरुष म्हणजे खुस्रो, आणि शेजारची स्त्री शिरीन ! आधार म्हणजे तबरीच्या इतिहासातील हिंदी राजाशी झालेल्या पत्रव्यवहाराचा उल्लेख, आणि पोशाख. पुढे क्रमिक पुस्तकांनी ही ओळख निःशंकपणे उचलली.

पोशाखावरून फार तर देश कळेल. वकिलात कळणार नाही. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात पारसीक येतात, तेथे त्यांच्या सरदाराचे नाव कोणी विचारीत नाही. शिवाय छतावरील तोच प्रसंग थोड्या फरकाने पुनःपुन्हा काढलेला आहे. एका विशिष्ट राजाची तसबीर अशी नक्षीसारखी वापरली जात नाही. सोळाव्या लेण्यातील वराहदेवाचा लेख वाकाटक हरिषेणाच्या काळचा आहे. वॉल्टर स्पिंक यांनी पहिले लेणेही त्याच राजवटीत, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, घातले. पुलकेशी गादीवर आला तो सुमारे ६१० मध्ये. श्लिंगलोफ यांनी तर ते चित्र बौद्ध ग्रंथांशी ताडून महासुदर्शन राजाच्या कथेचे म्हणून वाचले, व तेच आम्हांस ग्राह्य वाटते.

विष्णुधर्मोत्तरातील चित्रसूत्राने सांगितलेल्या नऊ स्थानांत ‘पार्श्वागत’ हे एक आहे. ते शरीराच्या ठेवणीचे नाव आहे, व्यक्तीच्या ओळखीचे नव्हे. उत्तरकालीन दरबारी तसबिरींत तर एकचष्म मुख हा रिवाजच होता. तेव्हा नाक आणि पगडी एवढ्यावरून सरदार ओळखणे धाडसाचे होय. धुळे-जळगावकडील संग्राहकांस आमची विनंती एवढीच, की कागदाच्या पाठीवर नाव असल्यास त्याची शाई, लिपीचे वळण व कागदाची जात यांची नोंद स्वतंत्र करावी, आणि नाव मागाहून घातलेले दिसल्यास यादीत ते चित्राच्या शीर्षकात न घेता ‘पाठीवरील लेख’ या सदरात लिहावे.