संतांविना खिडकी

जर्मनीतील कोलोन कॅथेड्रलच्या दक्षिणेकडील भव्य खिडकीची चित्रे दुसऱ्या महायुद्धात नष्ट झाली. पुढे तेथे साध्या काचा होत्या. २००७ साली चित्रकार गेरहार्ड रिख्टर यांनी तेथे ७२ रंगांच्या ११,०००हून अधिक चौकोनी काचांची रचना साकारली. रंगांचा क्रम बहुतांशी संगणकाने, चिठ्ठ्या टाकाव्यात तसा ठरवला. खरे तर कॅथेड्रलच्या धर्माधिकाऱ्यांना विसाव्या शतकातील हुतात्म्यांची चित्रे हवी होती. तत्कालीन कार्डिनल माइस्नर यांना ही खिडकी रुचली नाही. ती मशिदीत वा अन्य प्रार्थनागृहात अधिक शोभेल, असे त्यांचे मत होते.

हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. निरक्षर भाविकांना रंगीत काचांनीच पवित्र शास्त्र शिकवले. हुतात्म्याच्या चेहऱ्याने प्रार्थनेला मिळणारा आधार येथे मिळत नाही, ही या कलाकृतीची उणीव आहेच. तरीही तिला रिकामी म्हणणे आम्हांस पटत नाही. एका चौकोनावर नजर ठेवावी, तर शेजारचा रंग तिला ओढून नेतो. ढग आला की सारी खिडकी मंदावते; ऊन पडताच रंग दगडी खांबांवर आणि फरशीवर उतरतात. प्रकाश वरून मिळतो, तो आपल्या हातचा नाही, एवढे ती निश्चित शिकवते. त्या प्रकाशाचे नाव सांगण्यास वेदी आहेच.

आपल्याकडे नवे चर्च बांधताना खिडक्यांची काच अनेकदा शेवटी, उरलेल्या पैशांत निवडली जाते. तो विचार आराखड्याबरोबरच व्हावा, अशी आमची विनंती आहे.