‘राजकीय पक्ष : नाहीत’ : टोकेलाऊच्या राज्यव्यवस्थेच्या एका रूढ वर्णनाविषयी

लहान द्वीपप्रदेशांची माहिती देणाऱ्या संदर्भग्रंथांत टोकेलाऊच्या नावापुढे ‘राजकीय पक्ष : नाहीत’ अशी नोंद करण्याचा प्रघात आहे. नोंद खोटी नाही; वर्णन म्हणून मात्र ती अपुरी आहे. अपरिचित भाषेत लॅटिनच्या विभक्ती शोधावयाच्या आणि त्या न सापडल्या म्हणजे ‘विभक्ती नाहीत’ असे लिहून मोकळे व्हावयाचे, ही काही जुन्या वैयाकरणांची रीत होती. विभक्तीचे कार्य ती भाषा अन्य कोणत्या साधनाने करते, हा खरा प्रश्न त्यामुळे अनुत्तरितच राही. येथेही तसेच घडले आहे.

आताफू, नुकुनोनू व फकाओफो ही पॅसिफिक महासागरातील तीन प्रवाळद्वीपे म्हणजे टोकेलाऊ. लोकसंख्या सुमारे दीड हजार. १९४८ च्या कायद्याने हा प्रदेश न्यूझीलंडचा भाग झाला. तेथील कारभाराची परिभाषाच पुष्कळ काही सांगते. ‘पुले’ म्हणजे अधिकार. गावाचा निवडलेला नेता तो ‘फाइपुले’. गावकारभार पाहणारा ‘पुलेनुकु’ (‘नुकु’ म्हणजे गाव). आणि वडीलधाऱ्यांची सभा ती ‘ताउपुलेङा’. (रोमन लिपीत येथे ‘ग’चे अक्षर लिहितात, उच्चार मात्र ‘ङ’ असा अनुनासिक आहे.) एकाच धातूची ही तीन रूपे; आणि तिन्हींचे स्थान गावात! तिघे फाइपुले आळीपाळीने एकेक वर्ष ‘उलू’, शब्दशः ‘डोके’, म्हणजे सर्व प्रदेशाचे प्रमुख होतात. १९९६ साली ‘फोनो’ ह्या सर्वसाधारण सभेस कायदे करण्याचा अधिकार मिळाला; पुढे २००४ मध्ये न्यूझीलंडच्या प्रशासकाकडील सत्ता मध्यवर्ती मंडळाकडे न जाता तीन ग्रामसभांकडे आली. जेथे प्रमुखपद पाळीने येते, तेथे ते जिंकण्यासाठी संघटना उभारण्याचे कारणच उरत नाही. पक्षाचे हे एक कार्य पाळीच पार पाडते.

ह्याउलट, पक्षांचा अभाव पाहून तेथे अखंड एकमत नांदते असे मानणारे लेखकही आहेत. मासळीची सर्वांना वाटणी करणारी ‘इनाती’ची प्रथा त्यांच्या विशेष आवडीची. प्रथा सुंदर आहे, ह्यात शंका नाही. तिच्यावरून राजकीय मतैक्याचे अनुमान काढणे हे मात्र घाईचे होय. न्यूझीलंडशी मुक्त साहचर्य राखून स्वशासन पत्करावे काय, ह्या प्रश्नावर २००६ व २००७ साली सार्वमत झाले. अट दोनतृतीयांश मतांची होती. प्रथम सुमारे ६० टक्के, नंतर ६४.४ टक्के मते अनुकूल पडली. दुसऱ्या वेळी अवघी १६ मते कमी पडून प्रस्ताव बारगळला.

मराठी वाचकास येथे ‘पक्ष’ शब्दाचा जुना अर्थ आठवावा : वादातील बाजू, पूर्वपक्षातील पक्ष. त्या अर्थाने टोकेलाऊत दोन पक्ष निश्चितच होते, आणि प्रश्नाचा निकाल त्यांतील लहान पक्षाने लावला. त्या पक्षास नाव नव्हते, निशाणी नव्हती, म्हणून तो कोष्टकात शिरला नाही. न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेले टोकेलाऊवासी तर द्वीपांवरील रहिवाशांच्या कित्येक पट. त्यांना ह्या सार्वमतात मताधिकारच नव्हता. त्यांची बाजू कोणती होती, हे मतमोजणीच्या आकड्यांतून कळण्याचा मार्ग नाही.