ग्राफिक्सची क्षमता आणि चित्राची रचना : ‘राजी’ या खेळाच्या संदर्भात

खेळांसाठीचा संगणक आणि कन्सोल यांपैकी कोणाचे ग्राफिक्स सरस, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः टेराफ्लॉपच्या आकड्यांत दिले जाते. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ ची क्षमता १.८४ टेराफ्लॉप होती, तर २०२० च्या प्लेस्टेशन ५ ची १०.२८ आहे. त्याच वर्षी संगणकासाठी आलेल्या आरटीएक्स ३०८० या कार्डाची क्षमता सुमारे ३० टेराफ्लॉप सांगितली गेली. परंतु हा आकडा फसवा आहे. आधीच्या आरटीएक्स २०८० च्या तुलनेत तो जवळजवळ तिप्पट झाला, खेळांचा वेग मात्र तिप्पट झाला नाही. कारण गणन करणारे घटक वाढले तरी स्मृतीचा वेग आणि इतर घटक त्या प्रमाणात वाढले नव्हते. म्हणून यंत्रांची तुलना एकाच कलाकृतीच्या आधारे करणे अधिक उचित ठरते.

पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी : अ‍ॅन एन्शन्ट एपिक’ हा खेळ या दृष्टीने अभ्यसनीय आहे. ऑगस्ट २०२० मध्ये तो प्रथम निन्टेन्डो स्विच या कन्सोलवर आला आणि ऑक्टोबरमध्ये संगणक, प्लेस्टेशन ४ व एक्सबॉक्स वन यांवर. येथील विवेचन त्या मूळ आवृत्तीपुरते मर्यादित आहे.

स्विच हे या सर्वांतील दुर्बल यंत्र. हातात धरल्यावर त्याच्या ६.२ इंची पडद्यावर १२८० × ७२० पिक्सेल मावतात; ‘फोर-के’ पडद्यावर त्याच्या नऊपट. सावल्यांचा रेखीवपणा, कडांची सफाई आणि हालचालीची सलगता या बाबतींत संगणक निःसंशय पुढे आहे. तरीही ‘राजी’चे सौंदर्य स्विचवर नाहीसे होत नाही. पहाडी चित्रशैलीवरून घेतलेली रंगयोजना, राजस्थानी वास्तूंचे भव्य आकार आणि छायाबाहुल्यांच्या रूपात सांगितलेले कथाभाग हे सारे टिकून राहते. जे चित्रकाराने रंगवले ते टिकले. यंत्राने मोजून काढायचे तेवढेच उणावले.

मात्र येथेच या खेळाचा एक दोषही उघड होतो. ‘राजी’तील कॅमेरा खेळणाऱ्याच्या हाती नाही. बहुतेक वेळ तो उंचावरून, दुरून पाहतो. त्यामुळे वास्तू भव्य दिसते, पण नायिका लहान होते. मोठ्या पडद्याच्या संगणकावर हे खटकत नाही. स्विचच्या हातातल्या पडद्यावर मात्र युद्धप्रसंगी राजी आणि तिच्यावर चालून येणारे असुर यांतील भेद शोधावा लागतो.

स्वारगेटहून पायी जाण्याच्या अंतरावर असलेल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील पैठण शैलीची चित्रे या संदर्भात आठवतात. चित्रकथी ती श्रोत्यांसमोर धरून कथा सांगत असे. साधने मोजकीच : कागद आणि थोडे रंग. पण ठसठशीत आकृती कागद व्यापून टाकतात, म्हणून दूर बसलेल्यालाही राम आणि राक्षस निराळे ओळखू येतात. माध्यमाची मर्यादा तेथे रचनेनेच भरून काढली आहे. ‘राजी’ने रंगांच्या बाबतीत हे साधले, आकृतीच्या प्रमाणाबाबत मात्र ते निसटले.

यावरून असे म्हणता येईल की, प्रबळ संगणक रचनेतील उणीव झाकतो आणि दुर्बल कन्सोल ती दाखवून देतो. स्विचवर जाणवणाऱ्या अस्पष्टतेचा सगळा दोष यंत्राच्या माथी मारणे म्हणूनच योग्य नव्हे. महाविद्यालयांतून ग्राफिक्सचे अध्यापन करताना अधिक शक्तीचे कार्ड मिळवण्याइतकाच, लहानात लहान पडद्यावर चित्र वाचता येते का, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला पाहिजे. यंत्रे काही वर्षांत जुनी होतात. नीट रचलेले चित्र त्यानंतरही वाचता येते, हे चित्रकथींच्या कागदांनी आधीच सिद्ध केले आहे.