साखळदंड कोणी काढले?

तोनी रोबेर-फ्लरी या फ्रेंच चित्रकाराने १८७६ साली रंगविलेले एक भव्य चित्र पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयाच्या संग्रही आहे. मनोरुग्णांच्या शुश्रूषेचा इतिहास सांगणाऱ्या ग्रंथांतून ते इतक्या वेळा छापले गेले आहे की, चित्र आणि इतिहास यांतील अंतर वाचकांच्या ध्यानी येईनासे झाले आहे. म्हणून कलाकृती आणि पुरावा अशा दोन्ही नात्यांनी त्याची पारख व्हावी, असे आम्हांस वाटते.

रुग्णालयाच्या प्रांगणात डॉक्टर फिलिप पिनेल धीरगंभीर मुद्रेने उभे आहेत. समोरच्या तरुणीच्या कमरेचा लोखंडी पट्टा एक सेवक सोडवीत आहे. दुसरी एक स्त्री गुडघे टेकून डॉक्टरांच्या हाताचे चुंबन घेत आहे. काही अभागिनी अद्याप बांधलेल्याच आहेत. चित्राची बांधणी पक्क्या हाताची आहे, यात शंका नाही. विशेषतः त्या तरुणीची शून्य दृष्टी आणि सैलावलेला देह पाहिला म्हणजे, सुटका कशास म्हणतात हेच ती विसरली आहे, असे मनात येते. येथे चित्रकाराने खरोखर बाजी मारली आहे.

परंतु आमची तक्रार पुढेच आहे. चित्राची सारी रचना पाहणाऱ्यास पिनेलांकडे नेते. प्रत्यक्ष पट्टा सोडविणारे हात मात्र केवळ निमित्तमात्र ठरतात. आणि सत्य तर नेमके त्या हातांपाशी आहे.

बिसेत्र येथील पुरुषांच्या वेडालयात पिनेल १७९३ साली रुजू झाले, तेव्हा तेथील व्यवस्था झाँ-बातिस्त प्युसँ नावाचा एक कारभारी पाहत होता. हा मूळचा कातडी कमावणारा. गंडमाळेचा रुग्ण म्हणून बिसेत्रला आला आणि बरा होऊन तेथेच राहिला. रुग्णांस मारहाण करण्यास त्याने नोकरांना मज्जाव केला. बरे झालेल्यांतूनच सेवक निवडले. १७९७ साली बिसेत्रमधील रुग्णांचे साखळदंड त्यानेच काढविले. त्या वेळी पिनेल तेथे नव्हतेच; १७९५ सालीच ते साल्पेत्रिएरला गेले होते. पिनेलांनी आपल्या ग्रंथात प्युसँचे ऋण मोकळ्या मनाने मान्य केले आहे. मुक्तिदात्याची आख्यायिका रचली ती त्यांच्या पुत्राने व शिष्याने; चित्रकाराने तिला रंग दिला इतकेच. पुढे शार्को यांच्या व्याख्यानगृहात हे चित्र टांगलेले होते. पिनेलांचा वारसा सांगणाऱ्या वैद्यांस ते सोयीचेच होते.

प्युसँलाही आम्ही देव करू इच्छित नाही. लोखंड गेले, तरी त्याच्या जागी हात जखडणारा अंगरखा आलाच. पण म्हणूनच हा प्रश्न केवळ श्रेयाचा नाही. चित्र सांगते की, माणुसकी हा एका थोर पुरुषाने साधलेला एक क्षण आहे. प्युसँचे चरित्र सांगते की, ती रोजची चाकरी आहे. ती पहाटे सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी लागते.

हा भेद समजून घेण्यासाठी फ्रान्सला जावयास नको. २००१ सालच्या ऑगस्टमध्ये तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून मेले. २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास बंदी केली. हा कायदा आम्ही मोलाचा मानतो. पण कायदा हाही त्या चित्रातल्यासारखा एक क्षणच होय. त्यानंतर रात्रपाळीस कोण उभे राहते, बिथरलेल्या रुग्णाशी कोण कसे बोलते, आणि त्या माणसास वेतन व शिक्षण किती मिळते, यावर सारे अवलंबून आहे.

रोबेर-फ्लरींच्या चित्रास आम्ही उत्तम चित्र म्हणू. उत्तम साक्ष म्हणणार नाही. वाचकांनी ते अवश्य पाहावे, मात्र पिनेलांवरून दृष्टी काढून पट्ट्याशी झटणाऱ्या त्या हातांवर ती क्षणभर ठेवावी.