मलातील गुप्त रक्ताची तपासणी : मिनेसोटा अभ्यासाची चिकित्सा

प्रस्तावना :

मोठ्या आतड्याचा कर्करोग प्रारंभी बहुधा लक्षणांवाचून वाढतो. मात्र गाठीतून झिरपणारे, डोळ्यांना न दिसणारे रक्त प्रयोगशाळेत ओळखता येते. अशा तपासणीने मृत्यू घटतात याचा महत्त्वाचा पुरावा म्हणून अमेरिकेतील मिनेसोटा अभ्यासाचा (१९९३) आधार घेतला जातो. या यशाचे श्रेय नेमके कशाला द्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अभ्यासाचे स्वरूप :

५० ते ८० वयोगटातील ४६,५५१ व्यक्तींची वार्षिक तपासणी, द्वैवार्षिक तपासणी व तपासणीविना अशा तीन गटांत विभागणी करण्यात आली. ग्वायकमयुक्त कागदी कार्डावर मल लावून त्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकल्यास रक्तातील हीममुळे निळा रंग येतो. तांबड्या मांसाच्या सेवनानेही तो येऊ शकतो. १३ वर्षांत या कर्करोगाने तपासणीविना गटात हजारी ८.८३, तर वार्षिक गटात ५.८८ मृत्यू झाले. म्हणजेच ३३ टक्के घट झाली.

चिकित्सा :

३३ टक्के हा आकडा ठसतो. परंतु प्रत्यक्षात तो हजारी सुमारे तीन मृत्यूंचा फरक आहे. त्याहून महत्त्वाची बाब अशी की, बहुतेक कार्डे तपासणीपूर्वी पाण्याच्या थेंबाने ओलावली होती. त्यामुळे होकारार्थी निष्कर्षांचे प्रमाण २.४ वरून ९.८ टक्क्यांवर गेले. कर्करोग अधिक सापडले हे खरे. पण ओलावलेल्या कार्डांच्या १०० होकारार्थी निष्कर्षांमागे सुमारे दोनच कर्करोग निघाले. परिणामी वार्षिक गटातील एक तृतीयांशाहून अधिक व्यक्तींची कोलोनोस्कोपी झाली. मग मृत्यू घटवले ते कार्डाने की योगायोगाने घडलेल्या कोलोनोस्कोपीने? लँग व रॅन्सोहॉफ यांनी १९९४ मध्ये हीच शंका उपस्थित केली. १९९६ मध्ये तिचे अंशतः उत्तर मिळाले. नॉटिंगहॅम व डेन्मार्कमधील फ्यूनेन येथे कार्डे न ओलावता केलेल्या द्वैवार्षिक तपासणीने मृत्यू अनुक्रमे १५ व १८ टक्क्यांनी घटले. म्हणजे कार्डाचे सामर्थ्य खरे, पण मर्यादित ठरते.

पुढे मानवी ग्लोबिन प्रतिपिंडांद्वारे ओळखणारी चाचणी आली. तिला आहाराचे पथ्य लागत नाही आणि ती रक्ताचे प्रमाण अंकांत सांगते. तथापि जुना प्रश्न येथेही सुटला नाही. ही चाचणी स्वीकारताना स्कॉटलंडने २०१७ मध्ये दर ग्रॅमला ८० मायक्रोग्रॅम, तर इंग्लंडने २०१९ मध्ये १२० मायक्रोग्रॅम ही मर्यादा ठरवली. या मर्यादांनुसार १०० मायक्रोग्रॅम आढळलेली व्यक्ती सीमेच्या एका बाजूस होकारार्थी, तर दुसऱ्या बाजूस नकारार्थी ठरत होती. तिचे आतडे मात्र तेच होते.

निष्कर्ष :

पाण्याचा थेंब असो वा मायक्रोग्रॅमची मर्यादा, होकार कोणाला द्यायचा हे केवळ रसायनशास्त्र ठरवत नाही. किती कोलोनोस्कोप्या करणे शक्य आहे, हा हिशेबही त्यामागे असतो. म्हणून अहवालात केवळ होकार वा नकार न छापता आढळलेला अंक व स्वीकारलेली मर्यादा दोन्ही नमूद करणे आवश्यक आहे. होकार म्हणजे निदान नव्हे आणि नकार म्हणजे अभयही नव्हे, हे अहवाल हाती घेणाऱ्यास कळणे हा त्याचा अधिकार आहे.