केंद्रकावरण जाते कोठे?

पेशीविभाजनाचा पाठ आला की बहुतेक शाळांतून भिंतीवर एक तक्ता लागतो. पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था अशी चार वर्तुळे आणि त्यांत रंगीत दोऱ्यांसारखी गुणसूत्रे. पहिल्याखाली लिहिलेले असते, ‘केंद्रकावरण नाहीसे होते’; चौथ्याखाली, ‘केंद्रकावरण पुन्हा तयार होते’. मधल्या काळात ते कोठे होते, याविषयी तक्ता गप्प. तंतुकणिका, गॉल्गी संकुल, आंतर्द्रव्यजालिका यांचा तर चारही वर्तुळांत मागमूस नसतो. आधीच्या पाठात ज्यांची कामे मुलांनी पाठ केली, ती अंगके जणू सुटीवर गेलेली!

गुणसूत्रांची समान वाटणी हा या घटनेचा गाभा आहे आणि तक्ता तो चांगला दाखवतो, हे आम्हांला मान्य आहे. आमचा आक्षेप ‘नाहीसे होते’ या शब्दांना आहे. एवढी वस्तू शून्यात जाते आणि शून्यातून येते असे विज्ञानाच्या तासाला सांगणे बरे नव्हे.

हे शब्द आले कोठून, ते पाहण्यासारखे आहे. वाल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने 1882 मध्ये पेशीविभाजनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे साधन होते रंग. आपणही कांद्याच्या मुळाचे टोक ॲसिटोकार्मिनमध्ये रंगवतो तेव्हा रंग धरतात ती मुख्यतः गुणसूत्रे. पातळ पटले दिसत नाहीत. म्हणजे ‘दिसत नाही’ याचे ‘नाही’ झाले. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला. 1960 मध्ये कीथ पोर्टर आणि मचाडो यांनी कांद्याच्याच मुळातील विभाजन त्याखाली तपासले. आवरणाचे तुकडे होतात, ते आंतर्द्रव्यजालिकेत असे मिसळतात की वेगळे ओळखू येत नाहीत, आणि शेवटी त्याच जालिकेच्या पटलांतून नवी आवरणे बनतात, असे चित्र त्यातून पुढे आले. आवरण नाहीसे होत नाही, ते जालिकेत सामावते.

सर्व सजीवांत तेवढेही होत नाही. पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या पेशीत केंद्रकावरण अखेरपर्यंत अखंड राहते आणि गुणसूत्रांची वाटणी त्याच्या आतच उरकते.

गॉल्गी संकुलाची गोष्ट अशीच. सस्तन प्राण्यांच्या पेशीत विभाजनाच्या वेळी त्याचे बारीक पिटिकांत तुकडे होऊन ते पेशीभर पसरतात व नंतर पुन्हा जुळतात. वनस्पतिपेशीत मात्र त्याच्या अनेक लहान चळती असतात आणि त्या विभाजनातही शाबूत राहून काम करतात. त्यांना उसंत नसतेच. त्यांनी पाठवलेल्या पिटिका पेशीच्या मध्यभागी जमतात, एकमेकींत मिसळतात आणि पेशीपटल मधून कडेकडे वाढत जाते. पिटिकांतील माल नव्या भित्तिकेसाठी, तर त्यांची पटले दोन्ही बाजूंच्या नव्या प्रद्रव्यपटलांसाठी कामी येतात.

येथे मुलांना एक गणित घालावे. एका गोलाचे तेवढ्याच एकूण घनफळाचे दोन समान गोल केले, तर एकूण पृष्ठफळ किती वाढेल? उत्तर सुमारे 26 टक्के. प्राणिपेशी मध्यभागी खाच पडून दुभंगते, हे चित्रात सोपे वाटते. पण वाढीव पटल आणायचे कोठून, हा प्रश्न गणित करणाऱ्या मुलाला पडतोच. पिटिकांचे महत्त्व मग वेगळे सांगावे लागत नाही.

तंतुकणिका आणि लवके यांचे तर आणखी निराळे. त्यांच्यात स्वतःचे डीएनए असते आणि पेशी त्यांना नव्याने घडवू शकत नाही; असलेल्यांच्याच विभाजनाने त्या वाढतात व दोन्ही कन्यापेशींत वाटल्या जातात. सांगलीच्या शिक्षकांना याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली येथली हळद घ्या. हळदीत साधारणपणे 63 गुणसूत्रे, म्हणजे 21 चे तीन संच असतात. तीन संचांची जोडी नीट लागत नाही, त्यामुळे बियांवर भरवसा ठेवता येत नाही. लागवड गड्ड्यांच्या व हळकुंडांच्या बेण्यानेच होते. म्हणजे शेतातले हळदीचे पीक पिढ्यान्‌पिढ्या सूत्री विभाजनावर उभे आहे. पानातील हरितलवक आणि कंदात स्टार्च साठवणारे लवक, दोन्ही त्या बेण्यातील लवकांचेच वंशज. बेण्यातून वारसा येतो तो गुणसूत्रांचाच नव्हे, तर पटलांचा आणि अंगकांचाही. पेशीपासून पेशी हे सूत्र आपण शिकवतो; पटलापासून पटल हे त्याचेच दुसरे अंग आहे.

मग शिक्षकांनी काय करावे? नव्या तक्त्याची वाट पाहू नये. फळ्यावर त्याच चार वर्तुळांत वेगळ्या रंगाच्या खडूने जालिका, तंतुकणिका आणि गॉल्गीच्या चळती काढाव्यात. कांद्याच्या मुळाचा प्रयोग करताना ‘या रंगाने आपल्याला काय दिसत नाही?’ हेही विचारावे. आणि उत्तरपत्रिकेत एखाद्या विद्यार्थिनीने ‘केंद्रकावरण आंतर्द्रव्यजालिकेत मिसळते’ असे लिहिले, तर पुस्तकातील वाक्य नाही म्हणून तिचे गुण कापू नयेत. ते कापले की ती पुढच्या वेळी ‘नाहीसे होते’ असे मुकाट्याने लिहील, आणि मग नाहीसे होईल ते तिचे कुतूहल.