नियम अवघड की पुस्तक अवघड?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ अमेरिकेत १९७४ साली बाजारात आला. त्याला कागद, पेन्सिल आणि फासे पुरतात. एक जण निवेदक होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि ‘मी दार हळूच ढकलतो’ असे तोंडाने सांगत खेळतात. कृती साधेल की नाही याची खात्री नसेल, तर फासा टाकायचा. कल्पना इतकी सोपी, तरी नवख्यांना हा खेळ अवघड का जाई?

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या मूळ तीन पुस्तिका पाहिल्या की उत्तर मिळते. वाचकाला युद्धखेळ येतात असे त्यांत गृहीतच धरले होते. लढाईसाठी ‘चेनमेल’ हे दुसरेच नियमपुस्तक हाताशी लागे. थोडक्यात, ही जाणकारांनी जाणकारांसाठी केलेली टिपणे होती.

दुसरी अडचण गणिताची. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत चिलखत जितके चांगले, तितका त्याचा अंक लहान, प्रसंगी ऋणसुद्धा. प्रत्येक योद्ध्याचा ‘थॅको’ नावाचा एक अंक असे. समजा तो १८ आहे आणि शत्रूचे चिलखत ४ आहे. १८ − ४ = १४, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर १४ किंवा अधिक यायला हवेत. चिलखत −२ असेल, तर १८ − (−२) = २०. येथे अनेकांची गाडी अडे. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने दिशा उलटवली. चांगल्या चिलखताचा अंक मोठा झाला आणि फाशात कौशल्याचा अंक मिळवायचा एवढेच उरले. पहिले उदाहरण नव्या रीतीने मांडा: चिलखत १६, कौशल्य २. फाशावर पुन्हा १४ च हवेत. संभाव्यता दोन्हीकडे ३५ टक्के! गणित तेच राहिले, मांडणी तेवढी बदलली.

शिकवण्याच्या दृष्टीने सर्वांत विचारपूर्वक केलेले पुस्तक मात्र फ्रँक मेंट्झर यांचे, १९८३ चे. ते व्याख्यांनी सुरू होत नाही. वाचक थेट गुहेत शिरतो. त्याला साप भेटतो, लढाई होते आणि तिच्या ओघात नियम कळतात. प्रत्येक नियम गरज पडल्यावरच येतो. निवेदकाच्या पुस्तिकेतही आधी सारे तयार मिळते, मग आधार हळूहळू कमी होतो.

या पुस्तकात एक उणीव आहेच. एकट्याने वाचायच्या भागात वाचक दिलेल्या पर्यायांतून एक निवडतो. खऱ्या खेळात पर्याय कोणी देत नाही. पुस्तकात नसलेली युक्ती सुचणे हाच त्याचा प्राण आहे. बहुपर्यायी प्रश्न सोडवणारा विद्यार्थी कोऱ्या कागदासमोर गोंधळतो, तसे येथेही होऊ शकते.

तरीही शिक्षकांनी ही पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत. ऋण संख्येची वजाबाकी चुकणाऱ्या मुलाला ‘कच्चा’ ठरवण्याआधी, तोच प्रश्न बेरजेने मांडता येतो का, हे तपासायला काय हरकत आहे?